कॅमेऱ्याच्या पाठीवरचा मोरपंखी

लाइटरूम या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ फाइल उघडली की पहिला एखादा सेकंद फोटो कॅमेऱ्यावर दिसला होता तसाच दिसतो. शालूचा लाल भरदार, चुडा हिरवागार, नवरीच्या गालावर ऊब. मग चित्र एकदा हलतं आणि डोळ्यांदेखत उतरून जातं. लाल विटकरीकडे झुकतो, चेहरा पिवळट पडतो, केसांचा काळा राखाडी होतो. 2015 साली मी नाशिकच्या एका स्टुडिओत एडिटर म्हणून लागले, तेव्हापासून हे मी दिवसाला दोन-तीनशे वेळा बघत होते. दोन वर्षं मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. स्टुडिओच्या मालकांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "रॉ डलच असतं. त्यात जीव आपण घालायचा." मी तो जीव घालत राहिले. कॉन्ट्रास्ट वर, व्हायब्रन्स वर, स्किन जरा उजळ, पुढचा फोटो.

2017 च्या मे महिन्यातलं एक लग्न. नवरीने येवल्याहून आणलेली पैठणी नेसली होती, मोरपंखी रंगाची. जुलैत अल्बम गेला आणि त्याच आठवड्यात नवरीची आई तो पिशवीत घालून परत घेऊन आली. रागावलेली नव्हती. समोरच्या खुर्चीवर बसून तिने तिसरं पान उघडलं आणि शांतपणे म्हणाली, "फोटो छान आहेत हो, पण ही साडी माझ्या मुलीची नाही."

दादा म्हणाले, "काकू, हॉलच्या लाइटमुळे थोडा फरक पडतो."

"ही निळी आहे. आम्ही मोरपंखी घेतली होती."

"प्रिंटमध्ये एवढं तेवढं होतंच."

"तुमच्या मुलाने मांडवात कॅमेऱ्याच्या मागे मला दाखवला होता फोटो. त्यात मोरपंखीच होती. मी स्वतः बघितली."

या शेवटच्या वाक्यावर दादांकडे उत्तर नव्हतं, आणि आतल्या खोलीत बसलेल्या माझ्याकडेही नव्हतं. काकू गेल्यावर मी तीच फाइल उघडली. पहिला सेकंद आला आणि गेला. काहीतरी बदललं होतं हे कळलं, पण काय ते धरता येईना. मग मी मोबाइलचा व्हिडिओ सुरू करून मॉनिटरसमोर धरला, फाइल पुन्हा उघडली आणि तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. पहिल्या चौकटीत साडी मोरपंखी होती. दुसऱ्या चौकटीत निळी. माझा हात माउसला लागायच्या आधीच तो रंग गेला होता, आणि नंतर मी व्हायब्रन्स वाढवून तो निळा आणखी निळा केला होता.

त्या रात्री उशिरापर्यंत वाचत बसले. जे कळलं ते मला पहिल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून इथे नीट सांगते.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग दिसत नाही, फक्त उजेड मोजता येतो. त्याच्या प्रत्येक बारीक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच गाळणीचा तुकडा बसवलेला असतो. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर या शास्त्रज्ञाची, तिचं पेटंट 1976 चं, आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. म्हणजे रॉ फाइलमध्ये असतात ते फक्त आकडे, आणि तेही प्रत्येक ठिकाणी एकाच रंगाचे. बाकीचे दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरावे लागतात. पुढे डार्कटेबल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मी एका फाइलचा व्हाइट बॅलन्स आणि कर्व्ह बंद करून पाहिला, तेव्हा पडद्यावर एक हिरवट, मंद चित्र आलं. त्यात नवरी ओळखू येत होती, पण लग्न कुठेच दिसत नव्हतं.

त्या आकड्यांचा फोटो कुणीतरी करावा लागतो. शटर दाबल्यावर कॅमेरा स्वतःच्या कृतीने तो लगेच करतो. कृती या शब्दाला इथे स्वयंपाकातलाच अर्थ आहे. निकॉन तिला पिक्चर कंट्रोल म्हणतं, कॅनन पिक्चर स्टाइल म्हणतं, फुजीफिल्म आपल्या जुन्या फिल्मची प्रोव्हिया, वेल्व्हिया अशी नावं देतं. हा तयार फोटो, म्हणजे जेपेग, रॉ फाइलच्या पोटातही ठेवलेला असतो, आणि मागच्या स्क्रीनवर दिसतो तो हाच. लाइटरूम आधी तो दाखवतं, कारण तो तयार असतो. मग मूळ आकडे घेऊन स्वतःच्या कृतीने दुसरा फोटो बनवतं. कंपन्या आपली कृती उघड करत नाहीत, आणि लाइटरूम बनवणाऱ्या अडोबीचं त्या वेळचं मूळ प्रोफाइल, म्हणजे मूळ कृती, अडोबी स्टँडर्ड, निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकमेकांच्या जवळ यावेत या हेतूने केलेलं होतं. तेव्हा रॉ डल असतं हे खरं नव्हतं. एकाच पिठाच्या दोन घरच्या पोळ्या होत्या, आणि काकूंनी पहिल्या घरची खाल्ली होती.

आमचे कॅमेरे निकॉनचे होते. दुसऱ्या दिवशी निकॉनचं स्वतःचं मोफत सॉफ्टवेअर, तेव्हाचं कॅप्चर एनएक्स-डी, उतरवून घेतलं आणि तीच रॉ फाइल त्यात उघडली. साडी मोरपंखी. काहीही न करता. मला आठवतं, मी खुर्चीतून उठून दादांना हाक मारली होती. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "मग यातच कर सगळं." पण एका लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो, दोन कॅमेरामन, आमच्या जुन्या संगणकावर प्रत्येक फोटोला लागणारा वेळ, हे गणित बसत नव्हतं. लाइटरूममध्येच तो रंग आणायला हवा होता.

पहिली पायरी सोपी निघाली. उजव्या बाजूला अगदी खाली, जिथे आमच्यापैकी कुणी कधी गेलं नव्हतं, तिथे कॅमेरा कॅलिब्रेशन नावाचा कप्पा होता आणि त्यात प्रोफाइलची यादी. कॅमेरा स्टँडर्ड, कॅमेरा पोर्ट्रेट, कॅमेरा व्हिव्हिड. कॅमेऱ्याच्या कृतींचं अनुकरण करून अडोबीनेच बनवलेली. स्टँडर्ड निवडलं आणि फोटो निम्म्याहून जास्त परत आला. 2018 च्या एप्रिलमध्ये ही यादी वर, पहिल्याच कप्प्यात आली आणि 2020 मध्ये तर कॅमेऱ्यात निवडलेली शैली आपोआप लावून घ्यायची सोय झाली. आज नवीन मुलांना हे शोधावंच लागत नाही. त्याचा मला आनंद आहे.

दुसरी पायरी मात्र आठवडाभर सापडली नाही. प्रोफाइल तेच, तरी माझे फोटो कॅमेऱ्याच्या जेपेगपेक्षा थोडे काळे. सगळे नाहीत, मांडवातले जास्त. शेवटी कॅमेऱ्याचा मेनू ओळीने वाचत गेले तेव्हा अ‍ॅक्टिव्ह डी-लाइटिंग चालू असल्याचं दिसलं. समोर झगझगीत दिवे असतील तर कॅमेरा मुद्दाम थोडा कमी उजेड घेतो, म्हणजे पांढरं फाटत नाही, आणि मग जेपेग बनवताना सावल्या वर उचलतो. रॉमध्ये कमी घेतलेला उजेड तसाच राहतो, आणि वर उचलण्याची सूचना लाइटरूम वाचत नाही. त्या दिवसापासून आमच्या कॅमेऱ्यांवर ते बंद झालं.

मग जुळवणी सुरू केली. तेव्हा लाइटरूममध्ये रेफरन्स व्ह्यू नुकताच आला होता, एका बाजूला नमुना ठेवून दुसऱ्या बाजूला काम करता येतं तो. डावीकडे कॅमेऱ्याचा जेपेग, उजवीकडे रॉ. सुरुवातीला मी थेट साडीवर तुटून पडायचे. ह्यू सरकव, सॅच्युरेशन सरकव. साडी जुळली की चुडा बिघडायचा, चुडा आवरला की मागची झेंडूची तोरणं लिंबासारखी व्हायची. बऱ्याच रात्रींनंतर कळलं की आधी रंगाला हात लावायचाच नाही. आधी उजेड आणि कर्व्ह. कर्व्हचा बाक वाढला की लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे एकमेकांपासून लांब जातात, म्हणजे रंग आपोआप गडद होतो. उजेडाची उतरण जुळली की अर्धा रंग न मागता जुळतो. नंतर रॉथेरपी या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पोटातला जेपेग पाहून कर्व्ह आपोआप जुळवायची सोय आली, आणि तीही फक्त कर्व्हलाच हात लावते हे पाहून मला बरं वाटलं. त्यानंतर व्हाइट बॅलन्स. इथे आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. कॅमेऱ्यात 5000 केल्व्हिन ठेवलं तरी लाइटरूम थोडा वेगळा आकडा दाखवतं, कारण ते आपल्या प्रोफाइलवरून उलटा हिशेब करतं. आकडा सोडायचा आणि पांढरं बघायचं. अगदी शेवटी, उरलाच तर, एकेक रंग.

आणि पांढरं बघायला आपल्या लग्नासारखी जागा नाही. अंतरपाट आहे, मुंडावळ्यांचे मोती आहेत, भटजींचं उपरणं आहे. काळं हवं तर मंगळसूत्राचे मणी. हिरव्याला चुडा, पिवळ्याला हळद, लालाला कुंकू, केशरीला झेंडू. मी हे सगळं कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं होतं. एकाच फोटोत इतके ओळखीचे, मनात ठसलेले रंग शेजारी शेजारी दुसऱ्या कुठल्या समारंभात मिळतील असं मला वाटत नाही.

तरीही मोरपंखी पूर्ण येत नव्हता. निळा आणि हिरवा यांच्या मधली ही जागाच नाजूक. सेन्सरच्या निळ्या आणि हिरव्या गाळण्या तिथे एकमेकींवर येतात, आणि त्या आपल्या डोळ्यासारख्या नसतात. प्रोफाइलमधला हिशेब जरा इकडे झाला तर निळा, जरा तिकडे झाला तर हिरवा. शिवाय ही प्रोफाइलं साधारणपणे दोन प्रकाशांवर बेतलेली असतात, एक साध्या बल्बचा, 2856 केल्व्हिनचा, आणि एक दिवसाचा, 6500 च्या आसपासचा. मंगल कार्यालयातल्या एलईडीचा प्रकाश या दोन्हींच्या वळणाचा नसतो. वर अल्बमसाठी पाठवायच्या फाइली एसआरजीबीत. ती रंगांची मर्यादा ठरली 1996 मध्ये, तेव्हाच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांवरून, आणि ती सगळ्यात तोकडी पडते ती नेमकी या निळ्या-हिरव्या भागात. रेशमावरचा भरजरी मोरपंखी त्या चौकटीत मावतच नाही. कडेला आपटतो आणि निळ्याकडे किंवा हिरव्याकडे घसरतो.

जेवढं जमलं तेवढं जुळवून मी पानं काढली आणि काकूंना फोन केला. म्हटलं, "काकू, जमलं तर साडी घेऊन याल का?"

त्या सकाळी अकराला आल्या. मलमलच्या कापडात गुंडाळलेली पैठणी बाहेर काढून त्यांनी खिडकीशी टेबलावर उलगडली, आणि मी पहिल्यांदा ती साडी पाहिली. दोन महिने मी तिच्याशी झगडत होते, पण पाहिलेली नव्हती. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे घडी हलली की निळा जाऊन हिरवा वर येत होता. पण एक गोष्ट मला तिथेच स्पष्ट झाली. कोनामुळे दोन फोटोंतला फरक समजू शकतो. एकाच फाइलचे दोन रंग त्याने समजत नाहीत. ती चूक आमचीच होती.

मी साडीशेजारी छापलेलं नवं पान ठेवलं, आणि लॅपटॉपवर कॅमेऱ्याचा मूळ जेपेग. आणि मला धक्का बसला. कॅमेऱ्याचा जेपेगही साडीसारखा नव्हता. खरी साडी जास्त खोल होती, जास्त हिरवी, आणि तिच्यात एक काळसर सावली होती जी कॅमेऱ्याने उजळून टाकली होती. जिला मी दोन महिने प्रमाण मानून रात्री जागवल्या, ती प्रतिमाच साडीपासून दूर होती.

मी काकूंना विचारलं, "त्या दिवशी कॅमेऱ्यावर बघितलीत ती अशीच होती?"

त्यांनी बराच वेळ लॅपटॉपकडे पाहिलं, मग साडीकडे. म्हणाल्या, "नाही गं. अशी नव्हती. पण मोरपंखी होती."

इतक्या वर्षांत या कामाबद्दल कुणी मला याहून उपयोगाचं काही सांगितलेलं नाही. मी रंगांमधलं अंतर मोजत होते आणि काकू नाव पाहत होत्या. मोरपंखीच्या आत थोडं इकडेतिकडे झालं तर त्या बोलल्याही नसत्या. आम्ही कुंपण ओलांडून निळ्यात गेलो होतो. आपल्या बायकांच्या तोंडी रंगांची केवढी बारीक कुंपणं आहेत: अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, आमसुली, वांगी, मोतिया, श्रीखंडी, पोपटी, चिंतामणी, रामा. लाइटरूममध्ये रंगांच्या आठ पट्ट्या आहेत. आमसुलीची पट्टी नाही. ती जांभळ्या आणि लालाच्या मध्ये कुठेतरी, काळ्याच्या जवळ, आपल्या नजरेने शोधावी लागते.

तो अल्बम आम्ही पुन्हा छापून दिला. त्यासाठी मी कॅमेऱ्याचा जेपेग बाजूला ठेवला आणि खिडकीतली साडी डोळ्यांसमोर धरून रंग लावला. मावला तेवढा.

त्यानंतर मला चेहऱ्यांकडे बघणं भाग पडलं, आणि ते जास्त अवघड होतं. साडीचा रंग चुकला तर कुणीतरी पिशवी घेऊन परत येतं. नवरीचा रंग चुकला तर कुणी येत नाही, कारण ती चूक बहुतेक वेळा मागूनच घेतलेली असते. "जरा उजळ करा" हे वाक्य ऐकल्याशिवाय आमचा एकही सीझन गेला नाही. आमच्या स्टुडिओत त्यासाठी वेगळा प्रीसेटच होता आणि मी तो हजारो चेहऱ्यांवर लावला आहे. सावळ्या मुलीच्या त्वचेत एक तांबूस, खोल झाक असते. प्रीसेटने ती पुसली जाते आणि उरतो एक खडूसारखा गुलाबी. कॅमेऱ्याचं पोर्ट्रेटही तिला हळूच गुलाबीकडे नेतं. हा प्रकार जुना आहे. फिल्मच्या काळात लॅबमध्ये प्रिंटचा रंग जुळवायला कोडॅककडून एक कार्ड येत असे, त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो होता. तिची त्वचा बरोबर आली की प्रिंट बरोबर, असं ते मोजमाप.

2018 च्या दिवाळीनंतर मी माझ्या पैशांनी चोवीस घरांचं कलरचेकर कार्ड घेतलं. रंगांचे चोवीस चौकोन, शेवटची ओळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीची. हेही मूळ 1976 चंच, बेयरच्या पेटंटच्या वर्षाचं. त्यातला पहिला चौकोन सावळ्या त्वचेचा आहे. दुसरा गोऱ्या. आणि पहिल्या ओळीतला शेवटचा, सहावा, निळसर हिरवा. कार्ड हातात घेऊन मी या दोनच चौकोनांकडे बघत बसले होते, पहिल्या आणि सहाव्या.

आता कॅमेरामन मुलं हॉलमध्ये पोचली की स्टेजवर, विधीच्या जागी आणि जेवणाच्या मांडवात त्या कार्डाचा एकेक फोटो घेतात. त्यावरून मी त्या हॉलचं, त्या दिव्यांचं प्रोफाइल बनवते. ते कॅमेऱ्याच्या जेपेगसारखं दिसत नाही आणि मी तसं दिसावं असा प्रयत्नही करत नाही. पण जेपेग फेकतही नाही. रॉबरोबर तो प्रत्येक वेळी काढून घेते, कारण मांडवात जी माणसं कॅमेऱ्याच्या पाठीवर वाकून फोटो बघतात त्यांच्या मनात तोच राहतो. कार्ड मला साडीपाशी नेतं आणि जेपेग सांगतो की लोकांनी काय पाहिलं. दोन्हींच्या मध्ये फार अंतर असेल तर अल्बम करण्याआधी मी घरी फोन करते. त्या फोनला दहा मिनिटं जातात. सीझनमध्ये दहा मिनिटं पुष्कळ असतात, तरी मी करते. "उजळ करा" म्हणणाऱ्यांनाही फोनच करते आणि म्हणते, आधी एक पान जसं आहे तसं बघा. काही ऐकतात, काही नाही. नाही ऐकलं तर त्यांच्या मनासारखं करून देते, पण तो प्रीसेट मी 2019 मध्ये पुसून टाकला. आता प्रत्येक चेहरा हाताने करावा लागतो, आणि हाताने करताना माणूस फार लांब जात नाही.

2021 पासून माझं स्वतःचं काम आहे, घरातल्याच एका खोलीत, उत्तरेच्या खिडकीची. भिंती राखाडी रंगवून घेतल्या. मॉनिटर महिन्यातून एकदा कॅलिब्रेट करते. टेबलावर एक वही असते. लग्न ठरलं की मी मुलीला किंवा तिच्या आईला विचारते, कोणत्या साड्या नेसणार, आणि त्यांना तुम्ही काय रंग म्हणता. फोटो नको, नाव सांगा. वहीत तारखेपुढे ते नाव लिहिते. साखरपुडा, मोतिया. हळद, लिंबू. विधी, डाळिंबी काठ पोपटी. रिसेप्शन, रामा. काम सुरू करताना आधी ते पान उघडते, मग फाइल.

गेल्या आठवड्यात निफाडच्या एका घरी शालूविषयी विचारलं. फोन स्पीकरवर होता. नवरी म्हणाली, "वाइन कलर आहे, ताई." पाठीमागून तिच्या आजीचा आवाज आला, "वाइन कसला, आमसुली आहे तो. माझ्या लग्नात होता तसाच."

दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून ठेवले आहेत. लग्न रविवारी आहे.